‘मी हलवलो नाही बघा!’

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या तात्यांच्या उजव्या पायाने कुरकुर सुरू केली. आधी पोटरीत मुंग्या, मग तळव्याला बधिरपणा, आणि पुढे पुढे तर चप्पल पायातून निसटली तरी कळेनासे झाले. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा सोबती, उमेदीचा सगळा काळ कापडाच्या दुकानात उभ्याने गेलेला. कमरेत शीर दबली आहे, की साखरेने पायांच्या नसा पोखरल्या आहेत, की दोन्ही, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी एक तपासणी लिहून दिली. बेळगावातल्याच एका इस्पितळात मी त्यांना घेऊन गेलो.

तपासणी करणारे डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे. आमच्याशी मराठीत आणि मदतनीस मुलीशी कानडीत बोलत होते. त्यांनी तात्यांना पालथे निजवले, पोटरीवर दोन चकत्या चिकटवल्या, गुडघ्यामागच्या खळग्यात दोन टोकांचा एक दांडा टेकवला आणि कळ दाबली. टचकन पंजा खाली दबला. तात्या दचकले, मान वळवून म्हणाले, ‘‘मी हलवलो नाही बघा!’’

‘‘होय हो तात्या,’’ डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘तुम्ही नाही, मीच हलवलो.’’

पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना आमचे हे ‘मी केलो, मी हलवलो’ खटकते, हे ठाऊक आहे. प्रमाण भाषेत ‘मी पाय हलवला’ म्हणायचे. तिथे क्रियापद पायाच्या मागून जाते. आमच्या बोलीत, कानडीच्या शेजाराने म्हणा, ते कर्त्याला धरून चालते. शाळेत असताना यावरून मी गुरुजींचा मारही खाल्लेला आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत आमचेच व्याकरण अधिक नेमके वाटले, कारण प्रश्नच कर्त्याचा होता. पाय हलला हे सगळ्यांना दिसत होते. हलवला कुणी?

हा प्रश्न विजेच्या साहाय्याने विचारायला माणसाने सुरुवात केली त्याला आता दोनशे तीसहून अधिक वर्षे झाली. उत्तर शोधण्यासाठी बेडूक, कुत्री, माकडे आणि माणसेही टेबलावर आडवी झाली. त्यांतल्या कुणाला विचारले गेले, कुणाला नाही. यंत्रांची माहिती ओघाने येईलच. माझे लक्ष मात्र वाचताना पुन्हा पुन्हा त्या टेबलावरच्या जिवाकडे जात राहिले.

*

सुरुवात बेडकापासून. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी हा शरीरशास्त्राचा प्राध्यापक बेडकाच्या कापून ठेवलेल्या मागच्या पायांवर प्रयोग करीत असे. जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली, त्याच वेळी एका साहाय्यकाच्या सुरीचे टोक पायाच्या नसेला लागले, आणि मेलेल्या बेडकाचे पाय झाडले गेले. पुढे गॅल्व्हानीने बेडकांचे पाय पितळी आकड्यांना लावून लोखंडी कठड्यावर टांगले, तेव्हा ठिणगीवाचूनही ते थरथरले. १७९१ मध्ये त्याने हे सारे प्रसिद्ध केले. प्राण्याच्या अंगातच वीज असते, असे त्याचे म्हणणे. पाव्हियाचा व्होल्टा म्हणाला, वीज बेडकात नाही, दोन वेगळ्या धातूंच्या भेटीत आहे. आणि ते सिद्ध करण्याच्या नादात त्याने जगातला पहिला विद्युतघट बनवला. गंमत अशी की दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. त्या कठड्यावरची वीज धातूंची होती, पण नसेतून धावणारा संदेश विजेचाच असतो हेही खरे निघाले.

त्याआधीची समजूत निराळी होती. मेंदूत तयार होणारे एक सूक्ष्म द्रव्य पोकळ नसांतून वाहत जाऊन स्नायू फुगवते, असे शतकानुशतके मानत. आपल्याकडेही बोलण्यात ‘शीर’ म्हटले की रक्ताची, संवेदनेची आणि लचकलेली, सगळ्या एकाच शब्दात येतात. कानडीतला ‘नर’ही बोलण्यात असाच सैल. ग्रीकांनी तरी काय वेगळे केले? ज्या ‘न्यूरॉन’ शब्दावरून मेंदूचे आजचे सारे शास्त्र नाव घेते, त्याचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. ओढली की हात हलतो, ती दोरी. दोरीच्या जागी तार आली ती गॅल्व्हानीमुळे.

गॅल्व्हानीचा पुतण्या-भाचा म्हणावा असा बहिणीचा मुलगा आल्दिनी हा मात्र थोडा तमासगीर. १८०३ च्या जानेवारीत त्याने लंडनमध्ये नुकत्याच फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाच्या प्रेताला घटाची टोके लावली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, पुढे हात वर उचलला गेला. बघ्यांना वाटले, मेलेला उठतो की काय. विजेने हललेल्या माणसांत हे नाव बरेच वर येते, आणि त्याला काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

१८५० मध्ये हर्मान हेल्महोल्ट्झने नसेतल्या संदेशाचा वेग मोजला. वास्तविक त्याचे गुरू योहानेस म्यूलर यांच्या मते तो मोजताच येणार नव्हता, इतका प्रचंड असणार. हेल्महोल्ट्झची युक्ती साधी. बेडकाच्या नसेला एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांबवर झटका द्यायचा. स्नायू आकसायला दुसऱ्या वेळी जितका उशीर होईल, तितका वेळ संदेश वाटेत होता. उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आतच. हमरस्त्यावरची चांगली बस तेवढी पळते. माणसाच्या हातातल्या जलद नसा त्याच्या दुप्पट वेगाने संदेश नेतात. तात्यांच्या पायावर डॉक्टर फीत लावून अंतर मोजत होते आणि यंत्र वेळ मोजत होते, ती हेल्महोल्ट्झचीच रीत. मनात आले आणि हात हलला, यांत फट नाही ही माणसाची फार जुनी समजूत. ती त्या वर्षी गेली. फट होती, आणि मोजता येत होती.

*

नसांचे कोडे असे सुटत होते, पण मेंदूला वीज लावून कुणाला काही मिळाले नव्हते. पॅरिसच्या फ्लूरान्सने १८२० च्या दशकातच सांगून टाकले होते की मेंदूचे वरचे गोलार्ध डिवचले तरी स्नायू हलत नाहीत. तिथे इच्छा राहते, बुद्धी राहते. हातपाय हलवण्यासारखी हलकी कामे खालच्या मजल्यावर. जवळजवळ पन्नास वर्षे हे मत टिकले.

ते मोडले बर्लिनमध्ये, १८७० साली, दोन तरुण डॉक्टरांनी. एडुआर्ड हिट्झिग रुग्णांच्या डोक्याला कानामागून सौम्य प्रवाह लावून उपचार करी, आणि त्या वेळी रुग्णांचे डोळे आपोआप फिरतात हे त्याने पाहिले होते. गुस्ताफ फ्रिच हा त्याचा जोडीदार. १८६४ च्या डेन्मार्कविरुद्धच्या युद्धात डोक्याची जखम बांधताना मेंदूला धक्का लागला की शरीराची विरुद्ध बाजू झटके देते, हे त्याने पाहिले होते, असे सांगतात. विद्यापीठात अशा कामाला जागा नव्हती. मग दोघांनी हिट्झिगच्या राहत्या घरी कुत्र्यांवर प्रयोग केले. फ्राउ हिट्झिगच्या शृंगाराच्या मेजावर ते चालत, ही कथा प्रत्येक पुस्तकात भेटते. त्या बाईंचे त्यावर काय म्हणणे होते, हे एकाही पुस्तकात नाही. सुरुवातीच्या काही कुत्र्यांना भूलही दिलेली नव्हती.

प्रवाह किती द्यायचा? जिभेच्या शेंड्याला लावून पाहायचा. जेमतेम चुणचुणला की पुरे. एवढ्याशा प्रवाहाने मेंदूच्या पुढल्या भागातल्या एका ठिपक्यावर कुत्र्याची मान वळे, दुसऱ्यावर पुढचा पाय उचले, तिसऱ्यावर मागचा. आणि हे सारे विरुद्ध बाजूला. बाकी पुष्कळ भाग मुका राही. मेंदूत हालचालीचा नकाशा आहे, हे पहिल्यांदा दिसले. लंडनचा डॉक्टर ह्युलिंग्ज जॅक्सन अपस्माराच्या रोग्यांजवळ बसून हेच अनुमान करीत होता. अंगठ्यात सुरू झालेला झटका मनगट, कोपर, खांदा असा ठराविक वाटेने चढतो, त्याअर्थी मेंदूतही अंगठा, मनगट, कोपर शेजारी शेजारी असले पाहिजेत. त्याच्या स्वतःच्या पत्नीला असे झटके येत. नुसते पाहून काढलेले अनुमान विजेने खरे ठरवले.

डेव्हिड फेरिअरने १८७३ मध्ये यॉर्कशायरमधल्या वेकफील्ड येथील मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हेच काम पुढे नेले आणि माकडापर्यंत पोचवले. १८८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनला वैद्यकाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे स्ट्रासबुर्गचा गोल्ट्झ मेंदूचे नकाशे थोतांड आहेत असे म्हणत आपला कुत्रा घेऊन आला होता, आणि फेरिअरने आणली होती माकडे. एका माकडाच्या मेंदूचा डावा हालचालीचा भाग सात महिन्यांपूर्वी काढलेला. ते उजवा हात लोंबवत, पाय ओढत लंगडत आत आले. पक्षाघाताचे रोगी जन्मभर पाहिलेला पॅरिसचा शार्को पाहताक्षणी उद्गारला, की हा तर रुग्ण आहे! नकाशाच्या बाजूने याहून मोठी साक्ष कुणी दिली नसेल. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १८७६ च्या कायद्याखाली फेरिअरवर त्याच वर्षी खटला झाला. शस्त्रक्रिया परवाना असलेल्या सहकाऱ्याने केली होती म्हणून तो सुटला.

म्हणजे माकडासाठी इंग्लंडात निदान कायदा होता. अमेरिकेतल्या एका मोलकरणीसाठी तेवढेही नव्हते. तिची हकीकत याआधीची, १८७४ ची, पण मी ती मुद्दाम मागे ठेवली.

*

तिचे नाव मेरी रॅफर्टी. जन्म आयर्लंडचा, वय तीस, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात घरकाम करणारी. लहानपणी विस्तवात पडल्याने डोक्याचा काही भाग भाजला होता, तिथे केस आले नाहीत, म्हणून ती टोप वापरी. टोपातल्या ताठ पट्टीने घासून घासून डोक्याला व्रण पडला. तो व्रण कर्करोगाचा होता. ती इस्पितळात आली तेव्हा कवटीला दोनएक इंच रुंदीचे भोक पडून मेंदूचे स्पंदन उघड्या डोळ्यांना दिसत होते.

डॉ. रॉबर्ट्स बार्थोलो याने फ्रिच-हिट्झिग आणि फेरिअर वाचलेले होते. कुत्र्याचे झाले, माकडाचे चालले आहे. माणसाच्या मेंदूचे काय? समोर कवटी उघडी पडलेली, बाई तशीही जगणार नाही, आणि पू काढण्यासाठी मेंदूत सुया घातल्या तरी रोगी सोसतात हा अनुभव. तिने संमती दिली, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिची बुद्धी मंद होती, असेही त्यानेच लिहिले आहे. ही दोन वाक्ये एकाच निवेदनात शेजारी शेजारी कशी बसली, याचे मला अजून नवल वाटते.

त्याने सुया मेंदूत खुपसून प्रवाह सोडला. डाव्या बाजूला सोडला की उजवा हात ताठ होऊन पुढे येई, बोटे पसरत, पाय झटके देई. प्राण्यांत दिसले तेच माणसात दिसले. शास्त्राच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी. एका वेळी तिला दुखत असल्याचे स्पष्ट दिसत होते, तरी गंमत वाटल्यासारखी ती हसली, ही नोंद त्याचीच. मग त्याने प्रवाह वाढवला. तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली, ती रडू लागली. डावा हात समोरचे काही धरायला जावे तसा पुढे आला, डोळे स्थिरावले, ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला, आणि झटक्यांनंतर ती काही वेळ बेशुद्ध होती. पुढच्या एकदोन दिवसांत आणखी प्रयत्न झाले. प्रकृती ढासळत गेली, आणि काही दिवसांत ती मेली. शवविच्छेदनात सुयांच्या वाटा मेंदूत दिसल्या. मृत्यू रक्ताच्या गुठळीने झाला, असे बार्थोलोचे म्हणणे.

त्याने हे लपवले नाही, छापले. म्हणून आपल्याला कळते. वैद्यकाच्या नियतकालिकांतून टीकेचा भडिमार झाला, तेव्हा त्याने खेदाचे पत्र लिहिले, आणि इजा होते हे कळल्यानंतर असा प्रयोग पुन्हा करणे गुन्हा ठरेल असे मान्य केले. पाच वर्षांनी तो फिलाडेल्फियाच्या नामांकित वैद्यक महाविद्यालयात प्राध्यापक झाला. जिवंत माणसाच्या मेंदूला वीज लावून हालचाल घडवणारा पहिला, म्हणून इतिहासात त्याचे नाव लागते. मेरी रॅफर्टी त्याच्या निवेदनात आली नसती तर तिच्यामागे एक अक्षरही उरले नसते.

*

आता पुन्हा तात्यांच्या पोटरीकडे यायला हवे, कारण तिथे पडद्यावर काही वेगळेच दिसत होते आणि ते मेंदूपर्यंत जातच नव्हते.

प्रत्येक झटक्याला पडद्यावर दोन लाटा उमटायच्या. पहिली सुमारे पाच मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या पाच हजारांशाने. दुसरी तिसाच्या पुढे. पहिली सरळ आहे: गुडघ्यामागे झटका दिला, संदेश खाली उतरला, पोटरी आकसली. दुसरीला इतका उशीर का? कारण तो संदेश आधी वर जातो. गुडघ्यापासून मांडी, कंबर, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू; तिथे दुसऱ्या पेशीच्या हाती निरोप देतो, आणि ती पेशी नवा संदेश पोटरीला पाठवते. मेंदूला कुणी विचारत नाही. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, त्याचीच ही विजेने केलेली आवृत्ती. पॉल हॉफमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९१० च्या दशकात ती शोधली. त्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून तिला ‘एच’ म्हणतात. झटका हलका असला की ही दुसरी लाट आधी दिसू लागते, आणि वाढवत नेला की पहिली फुगते व दुसरी मावळते. परकी माणसे वाढली की घरचा माणूस मागे सरकावा तशी.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघालेली नुसती तार नव्हे, तिथेही हिशेब चालतो, हे शिकवले ते इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने. एक स्नायू आकसायचा तर त्याच्या विरोधी स्नायूला सैल पडण्याचा हुकूम त्याच क्षणी मज्जारज्जूतून सुटतो, हे त्याने मांजरांवर दाखवले. दोन चेतापेशींच्या भेटीच्या जागेला ‘सायनॅप्स’ हे नाव १८९७ मध्ये त्यानेच रूढ केले. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि केम्ब्रिजच्या एड्रियनला मिळून मिळाले. डॉक्टरांनी मध्येच तात्यांना दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितले. तो उपाय बुडापेस्टच्या येंड्रासिकचा, १८८० च्या दशकातला. हात ओढले की मज्जारज्जू अधिक सावध होतो आणि दबलेली लाट वर येते. डाव्या पायात ती आली, उशिरा का होईना. उजव्यात शेवटपर्यंत आली नाही.

*

माणसाच्या मेंदूचा हालचालींचा जो नकाशा आज पाठ्यपुस्तकांत असतो, मोठाले ओठ, भलामोठा अंगठा आणि चिमुकली पाठ असलेला तो विचित्र बुटका, तो वाइल्डर पेनफील्डचा. हा शेरिंग्टनचा शिष्य. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये त्याने १९३४ मध्ये मेंदूविकारांची संस्था उघडली. अपस्माराच्या रोग्याच्या मेंदूतला रोगट भाग कापून काढायचा, पण हाताचा किंवा बोलण्याचा भाग चुकून कापला जाऊ नये, म्हणून तो आधी विजेने चाचपून पाहायचा. डोक्याच्या त्वचेला भूल दिलेली. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. रुग्ण पूर्ण जागा. प्रत्येक ठिपक्याला स्पर्श झाला की काय वाटले ते तो सांगे, आणि त्या जागी आकड्याची इवलीशी चिठ्ठी ठेवली जाई. १९३७ मध्ये पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी १६३ शस्त्रक्रियांमधल्या अशा नोंदी एकत्र छापल्या.

बार्थोलो आणि पेनफील्ड यांच्यामध्ये त्रेसष्ट वर्षे, जंतुनाशके, क्ष-किरण आणि चांगली यंत्रे आली, हे खरेच. पण मला मोठा फरक वाटतो तो हा, की पेनफील्डच्या टेबलावरचा माणूस बोलत होता, प्रयोग त्याच्या स्वतःच्या आजारासाठी होता, आणि त्याचे बोलणे हेच मोजमाप होते. कुत्रा फक्त पाय हलवतो. माणूस म्हणाला, हात हलला, पण मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. म्हणजे आमच्या तात्यांचेच वाक्य! एका रुग्णाला पेनफील्डने आव्हान दिले की हात हलू देऊ नकोस. तर त्याने विजेने हलणारा उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवण्याची झटापट केली. एकाच मेंदूचा एक भाग डॉक्टरच्या ताब्यात आणि दुसरा धन्याच्या. आयुष्याच्या अखेरीस पेनफील्ड यावर पुन्हा पुन्हा विचार करीत राहिला. हालचाल घडवता आली. ‘मला हलवायचे आहे’ हे घडवता आले नाही.

बोलणे हीदेखील ओठ, जीभ, घसा यांची हालचालच. मेंदूच्या त्या भागाला वीज लावली तर काय व्हायचे? कधी रुग्णाच्या तोंडून ‘आऽऽ’ असा लांबलेला स्वर निघे, थांबवता न येणारा. कधी उलट चालू बोलणे अडे. समोरच्या चित्रातली वस्तू ओळखीची, पण नाव जिभेवर येईना. पण विजेने कधीही, कुणाच्याही तोंडून, एक शब्द काढला नाही. मॉन्ट्रियल हे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांचे शहर. कुठल्याच भाषेतला नाही. पेनफील्डचे स्वतःचे मत असे होते की दुसरी भाषा मुलांच्या कानावर दहाएक वर्षांच्या आत पडली पाहिजे, त्यानंतर मेंदू ताठर होत जातो. आपली मुलेही त्याने तशीच वाढवली. आमच्या गल्लीतल्या पोरांना हे आट्यापाट्या खेळता खेळता साधते.

*

यानंतर प्रश्न दोन दिशांना गेला. फ्रायबुर्गच्या कोर्नहूबर आणि डीके यांनी १९६४ मध्ये माणसाला मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितले, डोक्यावरून मेंदूची वीज ध्वनिफितीवर टिपली, आणि फीत उलटी फिरवून पाहिली. बोट हलण्याच्या सेकंदभर आधीच मेंदूत एक मंद लाट चढू लागलेली होती. १९८३ मध्ये लिबेटने आणखी पुढे जाऊन दाखवले की ‘आता हलवतो’ असे माणसाला जाणवते तेसुद्धा या लाटेच्या नंतर. मग ठरवले कुणी? तत्त्वज्ञांची त्यावर चाळीस वर्षे जुंपलेली आहे. त्या लाटेचा अर्थच वेगळा लावणारेही अलीकडे निघाले आहेत. मी त्यात शिरत नाही.

दुसरी दिशा दवाखान्याची. लंडनच्या पॅट्रिक मर्टनला स्वतःच्या अंगावर प्रयोग करण्याची खोड होती. माणूस दमतो तेव्हा मन दमते की स्नायू, हे पाहायला त्याने १९५४ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. अंगठा पूर्ण जोर लावून दाबायचा, आणि तशातच नसेला झटका द्यायचा. जोर थोडा जरी वाढला, तर मनाने काही राखून ठेवले होते असे समजायचे. जोर वाढला नाही. इच्छा स्नायूतले शेवटचे तोळाभर बळही काढून घेते. दमतो तो स्नायू. ‘अंगात बळ नाही, पण मनात आहे’ असे आमची आजी म्हणे, तेव्हा आम्ही हसायचो.

याच मर्टनने मॉर्टनसह १९८० मध्ये कवटी न उघडता मेंदूपर्यंत वीज पोचवली. दोन हजार व्होल्टपर्यंतचा, पण अतिशय आखूड झटका डोक्याच्या कातडीवरून. आणि विरुद्ध हाताची बोटे हलली. फक्त तो दुखे, कारण कातडीचे स्नायू आणि नसाही ओढल्या जात. पाच वर्षांत शेफील्डच्या अँथनी बार्करने त्यावर तोड काढली. तारेचे वेटोळे डोक्यावर धरायचे, त्यातून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. त्याने तयार होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनाअडथळा पार जाते आणि मेंदूत वीज जागवते. कातडीला जवळजवळ काही कळत नाही; एक ‘टक्’ असा आवाज होतो आणि अंगठा उडतो. मेंदूपासून अंगठ्यापर्यंत सुमारे वीस मिलिसेकंद. मानेपासून अंगठ्यापर्यंतचा वेळ वेगळा मोजून वजा केला, की मेंदू ते मज्जारज्जू एवढ्या वाटेला सहा ते आठ उरतात. ज्या रोगांत नसांवरचे आवरण झिजते किंवा मानेत मज्जारज्जू दबतो, तिथे हा आकडा वाढतो. मेरी रॅफर्टीला जे जिवाच्या मोलाने द्यावे लागले, ते आता बाई खुर्चीत बसून, पर्स मांडीवर ठेवून देऊन जाते.

पाठीचा कणा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत तर या तपासणीने एक जुनी रीत जवळपास मागे टाकली. १९७३ मध्ये फ्रान्सच्या स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी सुचवले होते की कण्याला सळया बसवल्यावर रुग्णाला टेबलावरच अर्धवट जागे करावे आणि पाय हलवायला सांगावे. हलवले तर मज्जारज्जू शाबूत. पाठ उघडी, आणि माणूस हुकूम ऐकतो आहे! आता भुलेत असतानाच डोक्याला झटका देऊन पायाच्या स्नायूंत लाट येते की नाही हे मिनिटामिनिटाला पाहता येते. पाय हलतो, हलवणारा झोपेत असतो. विचारायचे ते आदल्या दिवशीच विचारून घेतलेले असते, सही घेऊन.

*

तात्यांची तपासणी झटक्यांवर संपली नव्हती. शेवटी डॉक्टरांनी पोटरीत एक बारीक सुई टोचली आणि यंत्राचा ध्वनिवर्धक सुरू केला. एड्रियन आणि ब्रॉन्क यांनी १९२९ मध्ये अशी सुई बनवली आणि स्नायूतली वीज कानाने ऐकली, तीच ही. खोलीत शांतता.

‘‘आता तुम्ही हलवा तात्या,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हळू. पंजा खाली.’’

तात्यांनी पंजा दाबला. ध्वनिवर्धकातून टप्, टप्, टप् असा आवाज आला, मोजून पाचसहा. वळचणीचे थेंब पडावेत तसा. जोर लावला तसे थेंब दाट झाले, शेजारच्या दुसऱ्या पेशी सामील झाल्या. पत्र्यावर वळीव पडतो तेवढी गर्दी मात्र झाली नाही. काही धागे गेलेले होते, तेच डॉक्टरांना ऐकायचे होते. त्यांनी मान हलवून काही टिपून घेतले आणि सुई काढायला हात पुढे केला.

‘‘थांबा की हो जरा,’’ तात्या म्हणाले. त्यांनी पाय सैल सोडला, आवाज बंद. पुन्हा दाबला, टप्, टप्. पुन्हा सोडला. पालथे पडून, हनुवटी उशीवर टेकवून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे तात्या चारपाच वेळा पाऊस पाडत आणि थांबवत राहिले.

‘‘हे मीच हलवलो,’’ ते म्हणाले.